दोन केबल जोडल्या, तरी वेग एकाच केबलचा!

लग्नाचे चित्रीकरण करणारे, डीटीपीची कामे घेणारे, घरबसल्या हिशेब लिहून देणारे अशा छोट्या व्यावसायिकांकडे अलीकडे एक पेटी हमखास दिसते. आकाराने मिठाईच्या डब्याहून थोडी मोठी, आत दोन किंवा चार हार्ड डिस्क आणि मागे नेटवर्कची केबल लावण्याचे एक किंवा दोन पोर्ट. बाजारात तिला 'नॅस' म्हणतात. घरातील वा दुकानातील सर्व संगणक आपल्या फाइली याच पेटीत ठेवतात व तेथूनच उचलतात. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या दोन तैवानी कंपन्यांच्या पेट्या आपल्याकडे सहज मिळतात.

ज्या पेटीला दोन पोर्ट असतात ती विकताना दुकानदार एक वाक्य ऐकवतोच, "दोन केबल जोडा, वेग दुप्पट." हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कोणी सांगत नसल्यामुळे पुष्कळांचा पैसा नाहक खर्च होतो, आणि जोडणी चुकीची झाली असेल तर ऐन लग्नसराईत काम अडून बसते. दोन केबल जोडून एक करण्याच्या या पद्धतीला 'लिंक ॲग्रिगेशन' म्हणतात. तिच्याकडून काय मिळते, काय मिळत नाही आणि बिघाड झाल्यास तो कोणत्या क्रमाने शोधावा, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या व्यावसायिकालाही यातील बहुतेक तपासण्या स्वतः करता येतील.

आधी वेगाचा हिशेब पाहू. आज घरोघरी असलेले नेटवर्क बहुतांशी एक गिगाबिटचे आहे. म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट. आठ बिट मिळून एक बाइट होत असल्याने हे झाले १२५ मेगाबाइट. त्यातून पाकिटांवरचे पत्ते वगैरे वरखर्च वजा जाता हाती येतात साधारण ११० ते ११८ मेगाबाइट. १०० जीबीचे चित्रीकरण या वेगाने संगणकावर आणायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. दोन केबल जोडल्यावर हे काम साडेसात मिनिटांत व्हावे, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. ते होत नाही. पुन्हा पंधराच मिनिटे लागतात. मग गिऱ्हाईक म्हणते पेटी खराब, दुकानदार म्हणतो केबल खराब, आणि केबल टाकणारा म्हणतो संगणक जुना झाला. बहुतेक वेळा यांपैकी काहीही खराब नसते.

असे का होते, ते आपल्या व्यापारी वाचकांना मालवाहतुकीच्या उदाहरणाने चटकन समजेल. समजा, भिवंडीच्या गोदामातून माल नेण्यासाठी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे दोन टेंपो आहेत. त्याचा नियम असा, की एका व्यापाऱ्याचा माल एकाच टेंपोत चढवायचा. गठ्ठ्यांवर क्रमांक असतात आणि ते क्रमाने उतरले पाहिजेत. दोन टेंपोंत वाटले आणि मागचा टेंपो आधी पोहोचला, तर उतरवून घेणारा मुनीम गोंधळतो, गठ्ठा हरवला असे समजून पुन्हा मागवतो आणि सगळाच खोळंबा होतो. म्हणून एकाच व्यापाऱ्याचा माल असेल तेव्हा दुसरा टेंपो रिकामा उभा राहतो. दोन व्यापारी एकाच वेळी आले तर मात्र दोन्ही टेंपो भरून जातात.

लिंक ॲग्रिगेशनचे नेमके असेच आहे. एका संगणकाचे एका पेटीशी चाललेले संभाषण एकाच केबलवरून जाते. त्यातील पाकिटांचा क्रम बिघडू नये, ही या पद्धतीच्या मानकातच घातलेली अट आहे. त्यामुळे एकट्या संगणकाला दुप्पट वेग मिळत नाही. दोन, तीन, चार संगणक एकाच वेळी पेटीवर काम करत असतील तेव्हा त्यांची गर्दी दोन केबलींवर वाटली जाते, हा तिचा खरा उपयोग. दुसरा उपयोग, एक केबल निसटली वा उंदराने कुरतडली तरी दुसरीवर काम चालू राहते. घरी एकच माणूस एकाच संगणकावर बसत असेल तर या दुसऱ्या उपयोगापलीकडे त्याच्या पदरी काही पडत नाही, आणि हे त्याला पेटी घेण्याआधीच सांगितले गेले पाहिजे. विक्रेते ते सांगत नाहीत, ही आमची तक्रार आहे.

ही कल्पना काही नवी नाही. आणि येथे 'कल्पना' हा शब्द दोन अर्थांनी वाचावा. अमेरिकेत विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने 'कल्पना' याच नावाची कंपनी काढली होती. १९९० साली तिने इथरनेटचा पहिला स्विच बाजारात आणला आणि अनेक केबल जोडून एक करण्याची 'इथरचॅनल' ही पद्धतही तिच्याकडेच तयार झाली. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने तिला विकत घेतले. पुढे प्रत्येक कंपनी आपापली पद्धत चालवू लागली आणि एकाचा स्विच दुसऱ्याच्या यंत्राशी जुळेना. तेव्हा २००० साली ८०२.३एडी हे सामायिक मानक ठरले. २००८ मध्ये तेच ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेले, पण पेट्यांच्या व स्विचच्या पडद्यांवर अजून जुना क्रमांकच वाचायला मिळतो. नावांचा घोळ तर आजही मिटलेला नाही. कोणी 'बाँड' म्हणतो, कोणी 'ट्रंक', कोणी 'टीमिंग', कोणी 'लॅग'. 'ट्रंक' या शब्दाने तर फार घोटाळा होतो. क्यूनॅपच्या पेटीत 'पोर्ट ट्रंकिंग' म्हणजे हीच केबलींची जोडणी. सिस्कोच्या स्विचमध्ये मात्र 'ट्रंक' म्हणजे अगदी वेगळी गोष्ट, एकाच केबलवरून अनेक स्वतंत्र नेटवर्क नेण्याची सोय. दोन्ही ठिकाणी 'ट्रंक' दिसले म्हणून टिचकी मारली आणि सारे नेटवर्क बसले, असे होऊ शकते.

दोन्ही टोकांचा करार

या जोडणीत सर्वांत जास्त बिघाड कोठे होत असेल तर तो पेटी आणि स्विच यांच्यातील करारात. केबलींच्या एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाला स्विच. 'या दोन केबल एकच समजायच्या' हे दोघांनाही एकाच पद्धतीने माहीत असावे लागते.

हा करार दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात दोन्ही टोके एकमेकांशी बोलून खात्री करून घेतात. या बोलण्याच्या नियमांना एलएसीपी म्हणतात. दर सेकंदाला किंवा दर तीस सेकंदांनी एक छोटा निरोप दोन्ही केबलींवरून जातो. लागोपाठ तीन निरोप आले नाहीत तर ती केबल जोडणीतून वगळली जाते. दुसऱ्या प्रकारात असे बोलणे नाही. दोन्ही बाजूंना माणसाने हाताने सांगून ठेवायचे आणि यंत्राने ते डोळे मिटून मानायचे. याला 'स्टॅटिक' म्हणतात. दोन्ही प्रकार चालतात, पण दोन्ही टोकांना एकच प्रकार पाहिजे. एका बाजूला एलएसीपी आणि दुसऱ्या बाजूला स्टॅटिक, असे झाले की विचित्र दुखणी सुरू होतात.

आमच्या परिचयातील दोन भावांचा मामला येथे सांगण्यासारखा आहे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ आहे. थोरला चित्रफितीचे संपादन करतो, धाकटा अल्बम लावतो. त्यांनी दोन पोर्टची पेटी घेतली आणि एका केबल टाकणाऱ्याकडून दोन केबल जोडून घेतल्या. दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या संगणकावर पेटी व्यवस्थित उघडत होती, थोरल्याच्या संगणकावर तिचा पत्ताच नव्हता. "भाईजान, माझ्याकडे तर सगळे फोल्डर दिसतात, तुमचाच संगणक बिघडला असणार," असे धाकटा म्हणाला, आणि ते कोणालाही पटण्यासारखेच होते. एक संगणक चालतो, दुसरा चालत नाही, म्हणजे दोष दुसऱ्याचा. थोरल्याने विंडोज नव्याने घालून घेतली. फरक पडला नाही. नेटवर्क कार्ड बदलले. तरीही नाही. तीन लग्नांचे चित्रीकरण पेटीत अडकलेले, एका गिऱ्हाइकाची तारीख उलटलेली, आणि नवा संगणक घेण्याची बोलणी दुकानात सुरू झालेली.

दोष संगणकात नव्हता. केबल टाकणाऱ्याने पेटीत एलएसीपी निवडले होते आणि स्विचमध्ये स्टॅटिक. स्विचची समजूत अशी, की दोन्ही केबल एकच आहेत. म्हणून त्याने धाकट्याच्या संगणकाची पाकिटे पहिल्या केबलवर घातली आणि थोरल्याची दुसरीवर. पेटीला मात्र समोरून एलएसीपीचे उत्तरच येत नव्हते. अशा वेळी ती एकच केबल चालू ठेवते आणि दुसरीवर आलेले टाकून देते. थोरल्याची पाकिटे रोज त्या बंद दारावर जाऊन पडत होती.

हे ओळखण्याची युक्ती अगदी साधी आहे. चालू कॉपी वगैरे थांबवून दोन केबलींपैकी एक पेटीच्या मागून काढून घ्यायची आणि मिनिट-दीड मिनिट थांबायचे. एका केबलवर सर्व संगणक ठणठणीत चालू लागले, तर संगणक निर्दोष आहेत, केबलही निर्दोष आहे, बिघाड कराराचा आहे. त्या दोन भावांनी हे पहिल्या दिवशी केले असते तर विंडोजचे पैसे आणि कार्डाचे पैसे दोन्ही वाचले असते. पुढे त्यांनी स्विचमध्येही एलएसीपी निवडले आणि थोरल्याच्या जुन्याच संगणकावर पेटी उघडली.

ज्याला पेटीच्या आतल्या नोंदी वाचता येतात त्याला याची आणखी पक्की खूण मिळते. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या दोन्हींच्या पेट्या लिनक्सवर चालतात, आणि लिनक्स प्रत्येक जोडणीची सविस्तर नोंद ठेवते. त्या नोंदीत समोरच्या भागीदाराचा मॅक पत्ता लिहिलेला असतो. तो जर सगळा शून्यांचा असेल तर समोरचा स्विच एलएसीपी बोलतच नाही, असे खुशाल समजावे. त्याच नोंदीत जोडणीत किती पोर्ट सामील आहेत तेही असते. तेथे २ ऐवजी १ असेल तर दोन केबल लावल्या आहेत, पण जोडणी एकाचीच आहे.

आता स्विचविषयी. सर्वांत स्वस्त स्विच, ज्यात काहीच बदलता येत नाही, त्याला या जोडणीतले काही कळत नाही. पेटी एलएसीपीवर ठेवून दोन्ही केबल अशा स्विचला लावल्या तर काम चालते, पण एकाच केबलवर. पेटी स्टॅटिक पद्धतीवर ठेवली तर त्याहून वाईट. स्विचला एकच मॅक पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर दिसतो, तो सारखा आपले मत बदलत राहतो आणि जोडणी अधूनमधून तुटते. यांच्या वरच्या पायरीवर 'स्मार्ट' म्हणून विकले जाणारे स्विच आहेत. त्यांतील काही फक्त स्टॅटिक जाणतात. खोक्यावर 'लिंक ॲग्रिगेशन' एवढेच छापलेले असते. म्हणून खरेदी करताना 'यात एलएसीपी आहे का' हा प्रश्न त्याच शब्दांत विचारावा आणि माहितीपत्रकात ते अक्षर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एलएसीपीमध्ये 'ॲक्टिव्ह' व 'पॅसिव्ह' असा आणखी एक पर्याय येतो. दोन्ही टोके पॅसिव्ह असली तर दोघेही समोरच्याने आधी बोलावे म्हणून गप्प बसून राहतात. निदान एक बाजू ॲक्टिव्ह ठेवावी.

काही पेट्यांत 'ॲडॅप्टिव्ह लोड बॅलन्सिंग' नावाची पद्धत असते. तिला स्विचची मदत लागत नाही, साध्या स्विचवरही ती चालते. घरच्या वापराला आम्हाला हीच बरी वाटते. करारच नाही, तेव्हा करार मोडण्याचाही प्रश्न नाही.

करार ठीक आहे, तरी गर्दी का?

आता दुसरे दुखणे. करार दोन्ही बाजूंनी बरोबर झाला आहे, दोन संगणक एकाच वेळी फाइली उचलत आहेत, तरी प्रत्येकाला पंचावन्न-साठ मेगाबाइटच मिळतात. म्हणजे दोघे एकाच केबलवर दाटीवाटीने बसले आहेत आणि दुसरी रिकामी आहे. हे कसे?

कोणता संगणक कोणत्या केबलवर जाणार, हे गर्दी पाहून ठरत नाही. ते एका गणिताने ठरते. सर्वांत साध्या पद्धतीत, जिला 'लेयर २' म्हणतात, पेटीच्या मॅक पत्त्याचा शेवटचा भाग आणि संगणकाच्या मॅक पत्त्याचा शेवटचा भाग घेतात आणि त्यावरून केबल निवडतात. केबल दोनच असतील तर हे गणित सम-विषमावर येते. मॅक पत्त्यात अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही असतात. शेवटी ०, २, ४, ६, ८, ए, सी किंवा ई असेल तर पत्ता सम, बाकीचे विषम. पेटीचा पत्ता सम धरला तर सम पत्त्याचे सगळे संगणक एका केबलवर आणि विषम पत्त्याचे सगळे दुसरीवर. आपल्या दोन्ही संगणकांचे पत्ते सम निघाले, तर दुसरी केबल दिवसभर रिकामी राहणार. दोन संगणक असतील तर असे होण्याची शक्यता निम्मी आहे. म्हणजे नाणेफेकच म्हणायची. चार संगणक असतील तर सगळेच एका केबलवर येण्याची शक्यता आठात एक एवढी कमी होते. म्हणूनच ही पद्धत मोठ्या कचेरीत शोभते आणि दोन खोल्यांच्या स्टुडिओत पुष्कळदा फसते.

संगणकाचा मॅक पत्ता नेटवर्कच्या माहितीत लिहिलेला असतो. कागदावर पेटीचा व सर्व संगणकांचा शेवटचा अंक लिहून काढला की पाच मिनिटांत उत्तर मिळते. पेटीत पद्धत बदलण्याची सोय असेल तर 'लेयर २+३' निवडावी. तिच्यात आयपी पत्ताही गणितात येतो. मग दोघे एकाच केबलवर येत असतील तर एका संगणकाच्या आयपी पत्त्याचा शेवटचा आकडा एकाने पुढे-मागे करून पाहावा, तो दुसऱ्या केबलवर जातो. मॅक पत्त्याच्या मानाने आयपी पत्ता बदलणे सोपे. मात्र नवा आकडा घरातील दुसऱ्या कोणत्या यंत्राला दिलेला नाही, याची खातरजमा आधी करून घ्यावी.

येथे एक बारकावा आहे, तो भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. पेटीतून बाहेर जाणाऱ्या फाइलींची केबल पेटी ठरवते, पण पेटीत येणाऱ्या फाइलींची केबल स्विच ठरवतो. दोघांची गणिते वेगळी असू शकतात. त्यामुळे पेटीतून उचलताना वाटणी झकास आणि पेटीत ठेवताना सगळे एकाच केबलवर, असे सहज होते. पेटीतली पद्धत कितीही बदलली तरी ठेवण्याच्या बाजूला तिळमात्र फरक पडत नाही, आणि माणूस हैराण होतो. त्यासाठी स्विचमध्ये शिरून तेथील गणित बदलावे लागते, अर्थात स्विचने तशी सोय दिली असेल तर. प्रत्यक्षात काय चालले आहे ते पाहायचे असल्यास स्विचच्या पानावर प्रत्येक पोर्टने किती पाकिटे नेली याचे आकडे असतात. एक मोठी कॉपी लावून कोणता आकडा पळतो आणि कोणता जागच्या जागी बसतो, ते बघत राहावे. दुसऱ्या कोणत्याही तपासणीपेक्षा हे आकडे जास्त बोलके असतात.

केबल, डिस्क आणि बाकीचे संशयित

करार आणि वाटणी तपासण्याच्या आधी खरे तर केबलच पाहायला हवी, कारण ती सर्वांत स्वस्त. गिगाबिट वेगासाठी केबलमधील चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. म्हणून एखादी तार जॅकमध्ये नीट बसलेली नसेल तर केबल बंद पडत नाही, मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरते. मग वेग अकरा-बारा मेगाबाइट. वर सांगितलेल्या १०० जीबीला पंधरा मिनिटांऐवजी जवळजवळ अडीच तास! जोडणीत याचा आणखी एक परिणाम होतो. एलएसीपीमध्ये एकाच वेगाच्या केबल एकत्र बसतात. एक १००० ची आणि एक १०० ची झाली की दोन्ही लावलेल्या दिसूनही त्या एका जोडणीत येत नाहीत. पेटीच्या नेटवर्कच्या पानावर प्रत्येक पोर्टचा वेग लिहिलेला असतो. स्विचवरील दिव्याचा रंगही पुष्कळ ठिकाणी वेगाप्रमाणे बदलतो. दोन पोर्टांचे दिवे दोन रंगांचे दिसले तर आधी जॅक बदलून घ्यावा.

बाजारात कॅट ६ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त केबलींत तांबे नसते, ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तिला 'सीसीए' म्हणतात. तार सोलून चाकूने खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. ती दोन-चारदा वाकवली तरी तुटते. भिंतीतून कायमची केबल टाकून घेताना मजुरीच जास्त लागते. तेव्हा केबलमध्ये काटकसर करू नये.

संगणक वायफायवर असेल तर पेटीच्या मागे दोन केबल असोत की चार, वेग वायफायचाच राहणार. हे सांगण्याची गरज नाही असे वाटते, पण सांगावे लागते.

डिस्कचाही हिशेब करावा. साधी हार्ड डिस्क एका सलग मोठ्या फाइलीला सेकंदाला दीडशे ते अडीचशे मेगाबाइट देऊ शकते. पण हजारो छोट्या फोटोंच्या फोल्डरला तिचे वाचन ठिकठिकाणी उड्या मारत चालते आणि वेग एका केबलच्याही कितीतरी खाली येतो. म्हणून जोडणीची परीक्षा फोटोंचे फोल्डर कॉपी करून घेऊ नये. काही जीबीची एकच फाइल घ्यावी. तीच फाइल लगेच दुसऱ्यांदा उचलली तर पेटी ती आपल्या स्मरणातून देते आणि आकडा फुगतो, म्हणून दर वेळी वेगळी फाइल घ्यावी. डिस्कला बाजूला ठेवून निव्वळ नेटवर्क मोजण्यासाठी 'आयपर्फ३' नावाचे मोफत साधन आहे. दोन संगणकांवरून एकाच वेळी ते पेटीकडे लावावे. दोघांची बेरीज ९४० मेगाबिटच्या आसपास आली तर दोघे एका केबलवर आहेत. १८०० च्या पुढे गेली तर जोडणी उत्तम आहे आणि दोष पुढे डिस्ककडे शोधावा. काही जण वेग वाढेल या आशेने 'जंबो फ्रेम' चालू करतात. ते पेटी, स्विच आणि प्रत्येक संगणक या सर्वांवर सारखे नसेल तर नवीच दुखणी येतात. घरच्या नेटवर्कवर १५०० हा मूळचा आकडा आहे तसाच राहू द्यावा.

एका संगणकालाच वेग हवा असेल तर

आमच्याकडे याविषयी विचारणाऱ्यांतील बहुतेकांची खरी गरज हीच असते. संपादनाचा संगणक एक, आणि त्याला जलद फाइली हव्यात. अशांना आमचा सल्ला असा, की लिंक ॲग्रिगेशनच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी दोन चांगले रस्ते आहेत.

पहिला रस्ता 'एसएमबी मल्टिचॅनल'. विंडोज ज्या भाषेत फाइली मागते तिला एसएमबी म्हणतात. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीत एकच फाइल दोन केबलींवरून वाटून आणण्याची सोय झाली. गठ्ठ्यांचे क्रमांक जुळवण्याचे काम येथे मुनीमच करतो, टेंपोवाल्याला त्याची चिंता नाही. यासाठी संगणकालाही दोन पोर्ट लागतात आणि पेटीच्या केबल जोडून एक करायच्या नसतात, दोन्ही सुट्या ठेवायच्या असतात. पेटीच्या बाजूने हे काम सांबा नावाचे सॉफ्टवेअर करते. त्यात ही सोय बराच काळ प्रायोगिक होती. २०२१ च्या ४.१५ आवृत्तीपासून ती मुळातच चालू ठेवली जाते. पेटीचे सॉफ्टवेअर जुने असेल तर ते अद्ययावत करून फाइल सेवेच्या पानावर हा पर्याय शोधावा. साध्या स्विचवरही हे चालते.

दुसरा रस्ता २.५ गिगाबिटचा. २०१६ मध्ये ठरलेल्या ८०२.३बीझेड या मानकाने जुन्याच कॅट ५ई केबलवर १०० मीटरपर्यंत हा वेग मिळतो. भिंती फोडाव्या लागत नाहीत. एकाच केबलवर सेकंदाला साधारण २८० मेगाबाइट, म्हणजे आपले १०० जीबी सहा मिनिटांत, अर्थात डिस्क तेवढे देऊ शकल्या तर. संगणकाला असा पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचे अडॅप्टर मिळतात. पेटीला मात्र तो पोर्ट हवा, म्हणून नवी पेटी घेणाऱ्याने एक गिगाबिटच्या दोन पोर्टपेक्षा २.५ गिगाबिटचा एक पोर्ट पत्करावा.

ज्याला वेगाची घाई नाही, पण काम बंद पडलेले परवडत नाही, त्याने पेटीत 'ॲक्टिव्ह-स्टँडबाय' पद्धत निवडावी. एक केबल काम करते, दुसरी राखीव राहते. स्विच कसलाही चालतो. मात्र दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये असतील तर स्विच जळाल्यावर दोन्ही निकामी होतात. आणि केबल दोन असल्या तरी फाइलींची प्रत एकच आहे. गिऱ्हाइकाच्या लग्नाचे चित्रीकरण दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती घराबाहेर ठेवण्याचे काम कोणतीही जोडणी करत नाही.

जाता जाता विजेविषयी. पुष्कळ स्विचमध्ये केलेला बदल लगेच लागू होतो, पण कायम राहत नाही. त्यासाठी 'सेव्ह'चे वेगळे बटण असते. ते दाबले नाही तर जोडणी महिनाभर उत्तम चालते आणि एके दिवशी वीज जाऊन आली की मोडते. 'काल रात्री तर व्यवस्थित होते' असे ज्या बिघाडात म्हटले जाते, त्यात आधी हेच पाहावे. बदल केल्यावर सेव्ह करावे, स्विच स्वतः एकदा बंद करून चालू करावा आणि जोडणी परत आली का ते बघावे. पेटीत कोणती पद्धत निवडली, स्विचमध्ये कोणती, आणि कोणते दोन पोर्ट वापरले, हे चार ओळींत लिहून तो कागद पेटीच्या तळाला चिकटवावा. दोन्ही केबलींच्या दोन्ही टोकांना १ व २ अशा चिठ्ठ्या लावाव्यात. केबल टाकणारा पुढच्या वेळी दुसराच कोणी असेल.